समुपदेशन वर्षभराचे हवे, एका भाषणाचे नको

दिवाळीच्या सुट्टीनंतर वस्तीतली एक भगिनी मुलाचे प्रगतिपुस्तक घेऊन आमच्याकडे आली. मुलगा नववीत. सहामाहीत गणित आणि इंग्रजीत नापास, शिवाय दोन महिन्यांत २३ दिवस गैरहजर. ती चार घरची धुणीभांडी करते, नवरा नाक्यावर कामासाठी उभा राहतो. मुलगा रोज सकाळी दप्तर घेऊन निघायचा, म्हणजे तो शाळेतच जातो, असे दोघे धरून चालले होते. "शाळेत समुपदेशक आहेत ना?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "असतील दादा. मागच्या फेब्रुवारीत एक मॅडम आल्या होत्या म्हणे. परीक्षेला घाबरू नका, असं सांगून गेल्या."

मुलाला जवळ बसवून आम्ही नुसते ऐकून घेतले. बऱ्याच वेळाने तो बोलला. वर्गात एकदा "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" असा पुकारा झाला. तो उभा राहिला. त्या दिवसापासून पोरांनी त्याला एक नाव पाडले. गणित आधीच कळत नव्हते, त्यात ही लाज. मग पाय शाळेकडे वळेनात.

वाचकहो, समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. मुलाचे ऐकून घेणे आणि त्याची वाट त्याला सापडेल अशी मदत करणे, हे ते काम. फेब्रुवारीतल्या एका भाषणाने ते होत नाही. या मुलाचा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये सुरू झाला होता. हजेरीपटावर तो दिसत होता. पण हजेरीपटाकडे त्या नजरेने पाहण्याचे काम शाळेत कोणाकडेच दिलेले नव्हते.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी केळुसकर गुरुजींनी हेरला होता. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून त्यांनीच खटपट केली. योग्य वेळी योग्य माणूस भेटला. पण प्रत्येक मुलाला केळुसकर गुरुजी बागेत भेटतीलच असे नाही. जे एका मुलाला योगायोगाने मिळाले, ते शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठरवून मिळावे, यासाठीच वर्षाचा कार्यक्रम आखायचा असतो.

आता याला न्यायालयाच्या आदेशाचा आधार आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर दुर्बल घटकांतल्या मुलांशी संवेदनशीलतेने, भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही त्यात आहे. शिवाय वर्षभरात काय केले, याचा वार्षिक अहवाल मुलांची नावे उघड न करता तयार करायचा आहे.

मग वर्षाची आखणी कशी असावी? जूनमध्ये आधी गरज शोधावी. मागील वर्षाचा हजेरीपट, नापासांची यादी, शाळा सोडून गेलेल्यांची नावे पाहावीत. मुलांना बिननावाच्या चिठ्ठीवर अडचण लिहायला सांगावी. त्यातून दोन-तीनच उद्दिष्टे धरावीत, पण ती मोजता येतील अशी. "मुलांचा सर्वांगीण विकास करू" हे उद्दिष्ट मोजता येत नाही. "नववीत महिन्यात पाचपेक्षा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुले दिवाळीपर्यंत निम्म्यावर आणू" हे मोजता येते.

मग कामाच्या तीन पायऱ्या. सगळ्या वर्गासाठी तासिका: अभ्यासाच्या सवयी, चिडवाचिडवी, दहावीनंतरच्या वाटा. सारख्याच अडचणीच्या मुलांसाठी लहान गट. आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलणे. मुलाने सांगितलेले गुपित राहिले पाहिजे. मात्र जिवाला धोका असेल तर गप्प बसायचे नाही, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावीच लागते.

वेळापत्रकात आपल्या घरांच्या गरजा यायला हव्यात. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल, तर सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना ती देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण उत्पन्नाचा दाखला वेळेत हवा. परीक्षा जवळ आल्यावर पळापळ करणाऱ्या घराला हे आधी सांगणे, हेही समुपदेशनच.

वर्षअखेरीस हिशेब हवा. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांच्या संघटनेने २००३ साली एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यातला विचार साध्या भाषेत तीन प्रश्नांत मांडता येतो. काय काय केले? मुलांना त्यातून काय कळले? आणि त्यामुळे काय बदलले? आपल्याकडचे बहुतेक अहवाल पहिल्याच प्रश्नापाशी थांबतात. इतकी व्याख्याने झाली, इतके फोटो काढले. खरा हिशेब तिसऱ्या प्रश्नात असतो. गैरहजेरी घटली का? किती मुले नापासाची पास झाली? किती जण शाळा सोडता सोडता थांबले? जूनचा आकडा आणि एप्रिलचा आकडा शेजारी मांडला, की उत्तर मिळते. उत्तर वाईट आले तर तो कोणाचा अपमान नव्हे. पुढच्या जूनची आखणी तिथूनच सुरू होते.

यात पालकांचे काय काम? शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. त्या खुर्च्या सहीपुरत्या नाहीत. समितीत नसाल तर पालकसभेत उभे राहून विचारा: समुपदेशक कोण, कोणत्या दिवशी भेटतात? वर्षाची योजना कुठे लावली आहे? माझे मूल सलग तीन दिवस आले नाही, तर मला कोण कळवणार? एक दिवसाची मजुरी बुडते हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून चार घरांनी मिळून एकाला पाठवा, पण सभा रिकामी ठेवू नका.

त्या भगिनीबरोबर आम्ही शाळेत गेलो. वर्गशिक्षकांनी शांतपणे ऐकून घेतले. शिष्यवृत्तीची नावे यापुढे वर्गात पुकारायची नाहीत, आणि गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी घरी फोन करायचा, असे ठरले. मुलगा पुन्हा जाऊ लागला आहे. गणित अजून कच्चे आहे. एप्रिलमध्ये काय होईल, ते आम्ही पाहणार आहोत.

घरातले मूल एकाएकी गप्प झाले, जेवेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर शाळेची वाट पाहू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते. हा आकडा आज घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.