नुकसानभरपाई दिली गेली, पण कोणाला?

१८२५ सालच्या जुलै महिन्यात फ्रान्सचे आरमार हैतीच्या पोर्त-ओ-प्रिन्स बंदरासमोर येऊन उभे राहिले. चौदा युद्धनौका आणि पाचशेहून अधिक तोफा यांच्या बळावर राजा दहाव्या चार्ल्सचे फर्मान हैतीचे अध्यक्ष बोयर यांच्यापुढे ठेवण्यात आले. हैतीच्या गुलामांनी तब्बल बारा वर्षे झुंज देऊन, नेपोलियनच्या फौजांचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजी जे स्वातंत्र्य मिळवले होते ते फ्रान्स आता मान्य करावयास तयार होता. अट एवढीच की, हैतीने जुन्या फ्रेंच मळेवाल्यांना १५ कोटी फ्रँक नुकसानभरपाई द्यावी आणि फ्रेंच जहाजांवरील जकात निम्मी करावी. मळेवाल्यांची जी मालमत्ता बुडाली म्हणून ही भरपाई मागितली जात होती, तिच्यात जमिनी होत्या, साखरेचे कारखाने होते आणि त्यांत राबणारी माणसेही होती. म्हणजे मुक्त झालेल्या गुलामाने स्वतःच्याच देहाची किंमत आपल्या माजी धन्याला मोजावयाची होती.

पहिला हप्ता तीन कोटी फ्रँकांचा होता. हैतीच्या सरकारचे त्या वर्षीचे उत्पन्न त्याच्या सहाव्या हिश्शाइतकेच होते. तेव्हा हप्ता भरण्यासाठी कर्ज काढणे आले आणि ते कर्ज पॅरिसच्याच सावकारांकडून काढणे आले. सावकारांनी तीन कोटींचे रोखे लिहून घेतले आणि दलालीपोटी साठ लाख कापून दोन कोटी चाळीस लाख हातावर ठेवले. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या कुळाला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. १८३८ साली एकूण मागणी ९ कोटींवर आणली गेली. परंतु भरपाई आणि तिच्यासाठी काढलेले कर्ज असा दुहेरी फास हैतीच्या गळ्यात राहिला. त्यापोटी काढलेल्या कर्जांचा शेवटचा धागा सुटावयास १९४७ साल उजाडले. दरम्यान, १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले आणि पुढच्या वर्षापासून १९३४ पर्यंत तो देशच लष्करी अंमलाखाली ठेवला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२२ साली जुनी दफ्तरे तपासून जो हिशेब मांडला त्याप्रमाणे, हैतीने प्रत्यक्ष भरलेली रक्कम आजच्या किमतीने सुमारे ५६ कोटी डॉलर होते. आणि तोच पैसा देशात राहता तर जी वाढ झाली असती ती धरून नुकसान २,१०० कोटी ते ११,५०० कोटी डॉलरच्या दरम्यान जाते. हैती हा जगातील सर्वांत दरिद्री देशांपैकी एक का आहे, याची उत्तरे शोधताना तेथील लोकांचा स्वभाव, धर्म आणि हवामान यांच्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. ही खतावणी उघडून पाहण्याचे कष्ट मात्र फारच थोड्यांनी घेतले.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण असे की, गुलामगिरीच्या परिमार्जनाची मागणी गेल्या काही वर्षांत आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर नव्या जोमाने येत आहे. १९९३ साली अबुजा येथे आफ्रिकन राष्ट्रांच्या संघटनेने तिचा उच्चार केला. २००१ साली दरबान येथील जागतिक परिषदेने गुलामांचा व्यापार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे मान्य केले. कॅरिबियन राष्ट्रसमूहाने २०१३ साली आयोग नेमून पुढच्याच वर्षी दहा कलमी कार्यक्रम जाहीर केला. २०२३ च्या नोव्हेंबरात आक्रा येथे आफ्रिका व कॅरिबियन यांचे प्रतिनिधी एकत्र बसले, आणि आफ्रिकी महासंघाने २०२५ हे वर्षच या विषयाला वाहिले. युरोपची उत्तरे मात्र जुनीच आहेत. गोष्ट फार जुनी झाली. नुकसानाचा हिशेब होऊ शकत नाही. आणि देणारा कोण व घेणारा कोण हे ठरवता येत नाही.

या तिन्ही आक्षेपांचा निकाल ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ सालीच लावून टाकला आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या वर्षीच्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील सुमारे आठ लाख गुलाम मुक्त झाले आणि दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. सरकारच्या वार्षिक खर्चाच्या चाळीस टक्के एवढी ती रक्कम होती. हिशेब होऊ शकत नाही? लंडनमधील कारकुनांनी माणसामाणसाचे वय, कसब आणि वसाहतीतील बाजारभाव पाहून तो पै-पैशासह केला. घेणारा कोण ते ठरत नाही? सुमारे ४६ हजार दावे तपासून निकालात काढले गेले. त्यांत लॉर्ड होते, पाद्री होते आणि दोन-चार गुलामांच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवाही होत्या. ज्यांच्या पाठीवर आसूड पडले त्यांना मात्र एक छदामही मिळाला नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षे त्याच धन्याकडे फुकट राबण्याची सक्ती झाली. ती १८३८ साली उठली. हॉलंडने तर १८६३ साली सुरीनाममध्ये मालकांना दर गुलामामागे तीनशे गिल्डर दिले आणि मुक्त झालेल्यांना पुढे दहा वर्षे मळ्यांवर करारबद्ध ठेवले.

आणि 'गोष्ट जुनी झाली' म्हणावे, तर या भरपाईसाठी ब्रिटिश सरकारने १८३५ साली रॉथ्सचाइल्ड आणि माँटेफिओरे यांच्यामार्फत दीड कोटी पौंडांचे कर्ज उभारले होते. ते पुढे इतर सरकारी रोख्यांत मिसळत गेले आणि त्याची अखेरची फेड झाली २०१५ साली! ब्रिटनच्या अर्थखात्यानेच २०१८ मध्ये ही माहिती मोठ्या अभिमानाने प्रसिद्ध केली. म्हणजे जमैका आणि बार्बाडोसहून ब्रिटनमध्ये जाऊन बस चालवणाऱ्या व इस्पितळांत परिचर्या करणाऱ्या गुलामांच्या वंशजांनीही आपल्या पूर्वजांच्या मालकांची भरपाई करांतून फेडली. गुन्हा करणारे व सोसणारे दोघेही मरून गेले, आता देण्याघेण्याचा प्रश्न उरतोच कोठे, असे विचारणाऱ्यांनी या तारखेचा विचार करावा. माणसे मरतात, राज्यसंस्था मरत नाही. १८३५ चे देणे २०१५ पर्यंत पाळणारे राज्य १८३३ च्या अन्यायाबाबत मात्र 'ते आम्ही नव्हेच' असे म्हणू शकत नाही. पश्चिम जर्मनीने १९५२ च्या कराराने इस्रायलला दिलेली भरपाई, दुसऱ्या महायुद्धात डांबून ठेवलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांना अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने दिलेले प्रत्येकी वीस हजार डॉलर, केनियातील माऊ माऊ लढ्यात छळ झालेल्या ५,२२८ जणांशी ब्रिटनने २०१३ मध्ये केलेली तडजोड या सर्वांमागे राज्याचे हेच सातत्य गृहीत आहे.

ही कहाणी भारताच्या किनाऱ्यालाही येऊन भिडते. भरपाई मिळालेल्यांत जॉन ग्लॅडस्टन हे एक बडे नाव. पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या उदारमतवादी ग्लॅडस्टनचे हे वडील. अडीच हजारांहून अधिक गुलामांपोटी त्यांना एक लाख पौंडांवर रक्कम मिळाली. गुलाम सुटणार म्हटल्यावर त्यांनी मजुरांसाठी कलकत्त्याकडे नजर वळवली आणि १८३८ साली पहिले गिरमिटिये दोन जहाजांतून ब्रिटिश गयानाच्या मळ्यांवर उतरले. मॉरिशसला तर ती भरती आधीच सुरू झाली होती आणि मुंबई बंदरातून मराठी माणसेही गेली. गुलामांच्या रिकाम्या झोपड्यांत हिंदी मजूर आला. त्यामुळे तेथील मजुराची किंमत वाढू शकली नाही आणि दोन दरिद्री समाज एकमेकांसमोर उभे ठाकले. गयानामध्ये त्या विद्वेषाची फळे अजून भोगावी लागत आहेत. वॉल्टर रॉडनी यांनी ही भिंत पाडण्यासाठी आफ्रिकी आणि हिंदी श्रमिकांना एका झेंड्याखाली आणण्याचा प्रयत्न केला. १९८० साली बॉम्बस्फोटात त्यांची हत्या झाली.

आता आकड्यांविषयी. २०२३ मध्ये ब्रॅटल ग्रूप या संस्थेच्या अर्थशास्त्रज्ञांनी जो अहवाल तयार केला त्यात अटलांटिकपलीकडील गुलामगिरीचे एकूण देणे १०० ते १३१ लाख कोटी डॉलर धरले आहे. त्यात ब्रिटनचा वाटा २४ लाख कोटींचा. साऱ्या जगाच्या एका वर्षाच्या उत्पादनाशी तुलना करावी असा हा आकडा आहे. चक्रवाढ व्याजाचे गणित दोनशे वर्षे चालवले की कोणताही आकडा असाच फुगतो, आणि सावकारीला विरोध करणाऱ्यांनी आपली बाजू चक्रवाढ व्याजावर उभारावी हे काहीसे विचित्रच आहे. सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतील १८ लाखांच्या आसपास वाटेतच मेली, याचा मोबदला डॉलरांत होत नाही. अहवालाचा उपयोग अपराधाचा आवाका दाखवण्यापुरता आहे. बिल म्हणून तो पाठवला तर समोरचा हसून फाडून टाकील. कॅरिबियन राष्ट्रांच्या दहा कलमांचा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. संपूर्ण औपचारिक माफी, साक्षरता, सार्वजनिक आरोग्य, तंत्रज्ञान आणि कर्जमाफी, असा तो रोख आहे.

पैसा आला तर तो कोणाच्या हाती पडेल, हा प्रश्न समाजवाद्यांनी टाळू नये. हैतीवर १९५७ ते १९८६ या काळात दुव्हालिए पितापुत्रांनी राज्य केले. त्यांच्या तिजोरीत भरपाई पडली असती तर झोपडीपर्यंत काय पोचले असते? आफ्रिकेतील राजांनी आणि दलालांनी माणसे पकडून विकली हेही खरेच. बेनिनच्या अध्यक्षांनी १९९९ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. परंतु दलालाने हात ओले केले म्हणून मोठ्या व्यापाऱ्याचे देणे माफ होत नाही. आणि शासक भ्रष्ट आहेत म्हणून जनतेचा हक्क बुडवावा, हा युक्तिवाद ज्या देशांनी त्या शासकांना दीर्घकाळ पोसले त्यांच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. १९६४ साली मिसिसिपीतील जॅक्सन येथे कृष्णवर्णीयांना मज्जाव असलेल्या उपाहारगृहात शिरू पाहणाऱ्या डॉ. लोहियांना पोलिसांनी अटक केली. विशेष संधीचा सिद्धांत मांडणाऱ्या लोहियांना जे उत्तर येथे मिळत असे, तेच आज कॅरिबियन राष्ट्रांना मिळते: आजोबांच्या पापाची शिक्षा नातवाला कशाला? आजोबांची जमीन, शिक्षण आणि प्रतिष्ठा मात्र नातवाने बिनतक्रार घ्यावी, याविषयी कोणाचा आक्षेप नसतो.

२०२२ मध्ये हॉलंडच्या पंतप्रधानांनी आणि पुढच्या वर्षी राजाने माफी मागितली. जाणीवजागृतीसाठी २० कोटी युरो काढले गेले, भरपाई नाही. २०२४ मध्ये सामोआ येथे राष्ट्रकुलाच्या निवेदनात चर्चेची वेळ आली आहे एवढे शब्द पडले. हैतीच्या बाबतीत अध्यक्ष अरिस्तिद यांनी २००३ साली फ्रान्सकडे २,१६८ कोटी डॉलरहून अधिक रकमेची मागणी सेंटपर्यंत आकडा देऊन केली, तेव्हा पॅरिसमध्ये तिची टिंगल झाली. पुढच्याच वर्षी अरिस्तिद यांना देश सोडावा लागला आणि नंतरच्या सरकारने मागणी सोडून दिली. फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, १७ एप्रिल २०२५ रोजी, फ्रान्सचे अध्यक्ष माक्रों यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. रकमेचा उल्लेख केला नाही. वास्तविक हैतीचा दावा अंदाजावर उभाच नाही. हैतीचे हप्ते पॅरिसच्या ज्या सरकारी ठेवसंस्थेकडे जमा होत, ती केस दे देपो आजही चालू आहे.