वीजबिल आपलं, हिशेब कुणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांचं बोलणं बाजूलाच राहिलं आणि विजेवरून चांगली जुंपली. निमित्त झालं एका बिलाचं. एकीनं पिशवीतून बिल काढून सतरंजीवर पसरलं आणि म्हणाली, "यातला वीज आकार कळतो. पण हा स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, ही कुठली पाहुणेमंडळी?" दुसरी पटकन म्हणाली, "अगं, शेतकऱ्यांना फुकट वीज दिली ना, त्याची वसुली आहे ती." तिसरीला ते झोंबलं. तिच्या घरी शेती. "फुकट कसली? पाळीची वीज रात्रीची आली की अंधारात बांधावरून जावं लागतं. साप-विंचू काय वीजबिल विचारून चावतात?"

मैत्रिणींनो, मला दोघींचंही पटलं, आणि म्हणूनच चैन पडेना. मी कला शाखेची पदवीधर, ताळेबंद म्हटलं की घाम फुटतो. पण घरखर्चाची वही तर आपण सगळ्याच लिहितो. त्याच नजरेनं मी महावितरणच्या जमाखर्चाकडे पाहायला बसले.

आधी थोडा इतिहास. आपल्या सासूबाईंच्या तोंडी अजूनही 'बोर्ड' असतं. ते राज्य वीज मंडळ 6 जून 2005 रोजी विभागलं गेलं. वीज तयार करायला महानिर्मिती, ती मोठ्या तारांवरून वाहून न्यायला महापारेषण आणि घराघरात पोचवून पैसे गोळा करायला महावितरण. मुंबईचा बराचसा भाग सोडला तर जवळपास सारा महाराष्ट्र महावितरणकडे आहे. ग्राहक सुमारे 3 कोटी आणि वर्षाची उलाढाल लाख कोटी रुपयांच्या घरात. एवढा मोठा संसार!

या संसारात सगळ्यांत मोठा खर्च कशाचा? पगारांचा नव्हे. रुपयातले सत्तर-पंच्याहत्तर पैसे वीज विकत घेण्यातच जातात. त्यातही एक खोच आहे. वीज कंपन्यांशी वर्षानुवर्षांचे करार असतात आणि वीज उचलली नाही तरी ठरलेली रक्कम द्यावी लागते. एन्रॉनचं नाव तुम्हाला आठवत असेल. दाभोळची वीज परवडेना म्हणून 2001 मध्ये मंडळानं ती घेणं थांबवलं, तेव्हा हीच गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला कळली होती. करार मुंबईत होतो आणि त्याची किंमत तालुक्याच्या गावातल्या बिलात उतरते.

आता दुसरी गोष्ट, गळतीची. ती समजायला दुधाचं उदाहरण घेऊ. समजा, एका बाईनं रतीब घालायला 100 लिटर दूध 50 रुपये दरानं घेतलं. 5000 रुपये गेले. वाटेत 15 लिटर सांडलं किंवा कुणी लंपास केलं. हाती राहिलं 85 लिटर. मुद्दल निघायला तिला लिटरमागे जवळजवळ 59 रुपये घ्यावे लागतील. आता त्या 85 पैकी 10 लिटरवाले म्हणाले, "मांडून ठेवा, नंतर देऊ." मग उरलेल्या 75 लिटरवाल्यांना ते दूध 67 रुपयांच्या आसपास पडणार. रोजच्या रोज पैसे देणारीला 17 रुपये जास्त, आणि तिचा गुन्हा एकच, ती वेळेवर पैसे देते!

विजेचं नेमकं हेच होतं. कंपनी सुरू झाली तेव्हा गळती तीस टक्क्यांहून अधिक होती. त्यात तारांमध्ये वाया जाणारी वीज होती आणि आकडे टाकून चोरलेलीही होती. भारनियमनाचे ते दिवस आपण कशा विसरू? बारा-बारा तास वीज नाही, पीठगिरणी बंद, मुलं दहावीचा अभ्यास मेणबत्तीवर करताहेत. पुढे तर गळती आणि थकबाकी पाहून फीडरचे गट पाडले. जिथे चोरी जास्त, तिथे अंधार जास्त. विचार कागदावर बरोबर दिसतो, पण त्याच फीडरवरची प्रामाणिकपणे बिल भरणारी बाईही अंधारातच बसली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

पुढच्या दहा वर्षांत कंपनीच्या हिशेबात गळती पंधरा टक्क्यांच्या आत आली. गावठाण आणि शेतीपंपांचे फीडर वेगळे झाले, मीटर बदलले, चोऱ्या पकडल्या गेल्या. हे काम झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण इथे एक प्रश्न उभा राहिला. लाखो शेतीपंपांना मीटरच नव्हते आणि त्यांचं बिल अश्वशक्तीवर निघत होतं. मग शेतीला नेमकी किती वीज गेली हे ठरवायचं कशावरून? अंदाजावरून! ग्राहक संघटना वर्षानुवर्षं सांगत होत्या की शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो आणि त्याच्या पांघरुणाखाली गळती झाकली जाते. वीज नियामक आयोगानंही कंपनीचे शेतीवापराचे आकडे जसेच्या तसे मान्य केले नाहीत. ते कमी केले आणि तेवढी गळती वाढवून धरली.

म्हणजे आमच्या बैठकीतल्या भांडणाचं उत्तर असं, की 'शेतकऱ्यानं वापरली' म्हणून जी वीज आपण त्याच्या नावावर मांडत होतो, ती सगळी त्यानं वापरलेली नव्हतीच. त्यातली काही चोरांनी नेली, काही जुन्या तारांनी खाल्ली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, आणि बोल मात्र शेतकऱ्याला!

तिसरी गोष्ट, उधारीची. कंपनीनं बिल पाठवलं की ती रक्कम वहीत जमा धरली जाते, हातात आली नाही तरी. शेतीपंपांची थकबाकी अशी साचत साचत पन्नास हजार कोटींच्या आसपास गेली. वहीत येणं दिसतं, पण गल्ल्यात पैसा नसतो. वीज देणाऱ्यांचे पैसे तर थांबत नाहीत. मग कर्ज काढायचं आणि त्यावर व्याज भरायचं. आपल्या गटातली एखादी 'येतील तेव्हा देईन' म्हणत राहिली तर बँकेचा हप्ता कोण भरतं? बाकीच्या नऊ जणी.

आणि थकबाकीदार फक्त शेतकरी नाहीत बरं का. पाणीपुरवठा योजना आणि रस्त्यावरचे दिवे यांचीही मोठी बाकी आहे. नळयोजनेचं बिल भरायचं ग्रामपंचायतीनं किंवा पालिकेनं. ते राहिलं आणि वीज तोडली, की हंडा कुणाच्या डोक्यावर येतो? रस्त्यावरचा दिवा विझला, की क्लासवरून येणाऱ्या कुणाच्या मुलीची काळजी वाटते? ज्या सभेत हे बिल थकलं, तिथे आपल्यापैकी कितीजणी होत्या?

आता मोफत विजेकडे येऊ. 2024 मध्ये राज्य सरकारनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे 44 लाख शेतीपंपांचं बिल पाच वर्षांसाठी माफ केलं. त्यासाठी वर्षाला 14,760 कोटी रुपये लागतील असा हिशेब तेव्हा मांडला गेला. यातले 6,985 कोटी आधीपासूनच्या सवलतीचे आणि 7,775 कोटी नव्या माफीचे. हे पैसे कंपनीनं सोसायचे नसतात, सरकारनं द्यायचे असतात. 2003 च्या वीज कायद्यात तर सवलतीची रक्कम सरकारनं आगाऊ द्यावी असं म्हटलं आहे. सरकारकडून पैसे वेळेवर आले तर सवलत ही सवलत राहते. उशीर झाला, की पुन्हा कर्ज आणि पुन्हा व्याज. म्हणून 'फुकट का दिली' यापेक्षा 'पैसे वेळेवर भरले का' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

शेतकऱ्याच्या घरातल्या त्या मैत्रिणीसाठी एक आशेची गोष्टही आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या आणि 2023 मध्ये वाढवलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर सौर प्रकल्पांना जोडले जातात. ही वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते आणि दिवसा मिळते. ती जितक्या गावांत पोचेल, तितका कंपनीचा खर्चही कमी आणि रात्रीची पायपीटही कमी.

आता सतरंजीवरच्या त्या बिलाकडे परत. स्थिर आकार म्हणजे जोडणी असल्याबद्दलची ठरावीक रक्कम. वहन आकार म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचं भाडं. कोळसा आणि वीजखरेदी महागली तर त्यातला फरक इंधन समायोजनात येतो. वीज शुल्क मात्र कंपनीचं नव्हे, ते सरकारच्या तिजोरीत जातं. आणखी एक. 2024-25 मध्ये पहिल्या 100 युनिटला 4 रुपये 71 पैसे आणि 101 ते 300 युनिटला 10 रुपये 29 पैसे दर होता, वहन आकार वेगळा. पण 110 युनिट झाले तर वरच्या 10 युनिटलाच जास्त दर लागतो, साऱ्या बिलाला नाही. दोन महिन्यांचं रीडिंग एकदम आलं तर युनिट महिन्यांत विभागून लावायचे असतात. ते तसे लावलेत का, हे पाहायला विसरू नका. काही चुकलं तर 1912 वर तक्रार करता येते, आणि दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

दर ठरवण्याआधी आयोग हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तिथे उद्योजक वकील घेऊन येतात. गृहिणी मात्र क्वचितच दिसतात. 2025 चंच पाहा. 28 मार्चला दरांचा आदेश आला, काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली, जूनमध्ये नवा आदेश निघाला आणि वाद कोर्टात गेला. या साऱ्या धावपळीत आपला आवाज कुठे होता?

पुढच्या बैठकीला आम्ही सगळ्याजणी आपापलं बिल घेऊन येणार आहोत. त्या दिवशी ग्रामपंचायतीकडे एक अर्जही द्यायचं ठरलंय, नळयोजनेची बाकी किती, हे विचारणारा. शहरातली आणि शेतातली, दोघींनी मिळून सही करायची. भांडण आपलं आपल्यात नाहीच, मैत्रिणींनो. ज्याच्या हाती वही आहे त्याला विचारायचं, "दूध सांडलं कुठं?"