यवतमाळचे फोटो आपणच काढायला हवेत

यवतमाळ जिल्ह्याचा फोटो म्हटला की डोळ्यांसमोर काय येतं? भिंतीला टेकून बसलेली बाई आणि तिच्या हातात नवऱ्याची हार घातलेली तसबीर. गेली कित्येक वर्षं मुंबई-दिल्लीचे आणि परदेशातले छायाचित्रकार जिल्ह्यात येतात आणि हाच फोटो घेऊन जातात. तो खोटा नाही. चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी बायको-मुलांसह जीवन संपवलं, तेव्हापासूनचं हे दुःख अजून सरलेलं नाही. पण एवढ्या मोठ्या जिल्ह्याला एकच फोटो कसा पुरेल? दुसरे फोटो काढण्याची जबाबदारी आपली आहे. आपली म्हणजे तिथून बाहेर पडलेल्या, चांगले कॅमेरे बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांची.

हे मत माझ्या मनात पक्कं झालं ते मँचेस्टरमध्ये. तिथे मी फोटो काढायलाच गेलो होतो. लाल विटांच्या गिरण्या, कालव्यात पडलेली त्यांची प्रतिबिंबं, जुन्या गोदामांची घरं झालेली. सगळ्यात जास्त वेळ गेला तो रॉयल एक्स्चेंजच्या दालनात. कापसाचे सौदे जिथे होत, तिथे आता खांबांच्या आधाराने उभं केलेलं काचेचं आणि लोखंडाचं नाट्यगृह आहे. मान वर केली की भावफलक दिसतो. 1968 साली व्यवहार थांबले, त्या शेवटच्या दिवसाचे भाव त्यावर अजून तसेच आहेत. धंदा गेला, गिरण्या गेल्या, पण त्या शहराने आपला कापूस विसरू दिलेला नाही.

थोड्या अंतरावर अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडचा कापूस यायचा थांबला, गिरण्या बंद पडल्या, तरी मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीविरोधी लढ्याला पाठिंबा दिला. त्याबद्दल लिंकनने जानेवारी 1863 मध्ये त्यांना पत्र लिहिलं. त्याच टंचाईने आपल्या वऱ्हाडातल्या कापसाचं नशीब पालटलं. भाव चढले, काळ्या जमिनीत पऱ्हाटी वाढली, 1867 पर्यंत मुंबई-नागपूर रेल्वे झाली. 1903 साली मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज सुरू झाली, तीच आपली शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरलाच बनलेलं, आणि ते 1994 पर्यंत धावत होतं.

त्या शहरात मी जे फोटो पाहिले त्यांत गिरणीतल्या बाया होत्या, मालक होते, दलाल होते. वऱ्हाडात कापूस वेचणारी बाई मला एकाही फोटोत दिसली नाही. याचा दोष मी मँचेस्टरला देणार नाही. त्यांनी आपलं जपलं. आपलं आपण जपायचं होतं.

आणि जपण्यासारखं अजून शिल्लक आहे. वेचणीच्या सुरुवातीला शेतात होणारी सीतादहीची पूजा, कमरेला ओटी बांधून तासात वाकलेल्या बाया, जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग, रुईच्या गाठी, दारव्हा-लाडखेडकडची शकुंतलेची ओस स्टेशनं. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा क्षण संध्याकाळच्या काट्याचा. दिवसभर वेचलेला कापूस तोलला जातो, किलोवर मजुरी ठरते आणि प्रत्येकीची नजर काट्यावर खिळलेली असते. त्या नजरेत हिशोब असतो, थकवा असतो आणि हक्कही असतो. भर उन्हात हे फोटो साधत नाहीत. चेहऱ्यावर एक्स्पोजर धरलं तर कापूस नुसता पांढरा डाग होतो, कापसावर धरलं तर चेहरा काळवंडतो. चारनंतर ऊन उतरलं की दोन्ही सापडतात.

कुणी म्हणेल, दुःख झाकून सुबक चित्रं काढायची का? मुळीच नाही. पण ज्या बाईचा नवरा गेला ती शेत करते, मुलं शिकवते, बाजारात भाव करते. तिला फक्त रडताना पकडणं हा तिच्यावर अन्याय आहे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी त्या व्यासपीठावरून स्वतः बोलली आणि सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. कॅमेऱ्याने तिला एवढी जागा द्यायला नको?

परक्या शहरात आपण अनोळखी माणसाचा फोटो काढताना दहादा विचार करतो, परवानगी मागतो. तोच रिवाज गावाकडेही पाळायला हवा. दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभं राहून न विचारता लेन्स रोखायची नाही. नको म्हटलं तर कॅमेरा खाली. फोटो काढला तर त्याची प्रत त्या घरी पोचलीच पाहिजे.

आपल्यातले बरेच जण डिसेंबर-जानेवारीत सुट्टीला घरी जातात, तेव्हा वेचणी सुरू असते. यंदा मुक्कामातला एक दिवस त्यासाठी राखून ठेवा. फोटोखाली गाव, तारीख आणि माणसाची हरकत नसेल तर त्याचं नाव लिहा, कारण ज्याखाली काहीच लिहिलेलं नाही असा फोटो पन्नास वर्षांनी कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. आणि संपादक मंडळाला विनंती, की आपल्या अंकात परदेशातल्या शहरांच्या फोटोंना जेवढी पानं मिळतात, तेवढीच पुढच्या अंकात या फोटोंसाठी ठेवावीत.