मान आखडलेला ज्वर आणि आपले कर्तव्य

हिंगोली-वाशिम मार्गावर, मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवर कनेरगाव नाका वसले आहे. अशा नाक्याच्या गावी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील रुग्ण बहुधा प्रथम येतो तो आपल्यासारख्या वैद्याकडेच. म्हणून मस्तिष्कावरणशोथ अर्थात मेनिंजायटिस या व्याधीविषयी व्यवसायबंधूंशी स्पष्ट बोलणे अगत्याचे वाटते.

मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणांचा हा शोथ. जिवाणूजन्य प्रकारात रुग्ण 24 तासांत दगावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यात 6 पैकी 1 रुग्ण मृत्यू पावतो व 5 पैकी 1 रुग्णास गंभीर उपद्रव होतात. बहिरेपणा, झटके, अपंगत्व ही त्यांची रूपे.

तीव्र ज्वर, असह्य शिरःशूल, छर्दी, मन्यास्तंभ, प्रकाश सहन न होणे, गुंगी ही याची लक्षणे. अर्भकाची मान आखडेलच असे नाही. फुगलेली टाळू, अंगावर न पिणे, सुस्ती वा अखंड किरकिर पाहावी. काचेच्या पेल्याने दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर क्षणाचाही विलंब नको. क्षयजन्य प्रकार मात्र कपटी आहे. त्यात मंद ज्वर, अरुची, चिडचिड यांतच एक-दोन आठवडे निघून जातात.

या लक्षणांचे सन्निपात ज्वराशी वा आक्षेपकाशी साम्य दाखविता येईल; पण त्या चर्चेत रुग्णाचा वेळ जाऊ नये. साध्यासाध्यत्व पारखल्यावाचून चिकित्सेस हात घालू नये, ही चरकाचार्यांचीच शिकवण आहे. रुग्ण पुढे पाठविणे हा शास्त्राचा पराभव नव्हे. तो शास्त्राचा आदेश आहे.

‘एक दिवस वाट पाहू’ हे वाक्य येथे घातक ठरते. प्रतिजैविकाच्या अर्धवट मात्रेने लक्षणे झाकली जातात व निदान अवघड होते. झटके आलेल्या मुलास कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात आहे, ती बोलवावी. ज्वर कधी आला व कोणते औषध दिले, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

पाठीतून पाणी काढल्यास पाय लुळे पडतात, ही भीती खेड्यांतून अजून आहे. त्या तपासणीवाचून निश्चित निदान होणे कठीण, हे नातेवाइकांना आपणच समजावू शकतो, कारण त्यांचा विश्वास आपल्यावर असतो. तोच विश्वास लसीकरणासाठीही वापरावा. बीसीजी बालकांना क्षयजन्य प्रकारापासून संरक्षण देते. पंचगुणी लस हिब जंतूपासून, तर 2021 पासून देशभर उपलब्ध झालेली न्यूमोकोकल लस त्या जंतूच्या प्रमुख प्रकारांपासून.

वैद्याचे यश केवळ त्याने बरे केलेल्या रुग्णांवरून मोजू नये. त्याने वेळेत ओळखून पाठविलेला एक बालकही त्या यशात धरावा.