किट टाकावे की नवा सिलिंडर?

मालेगावचे कापड घेऊन जुना पिकअप कसारा घाट उतरतो, तेव्हा ब्रेकचा सारा भरवसा मास्टर सिलिंडरवर असतो. तरीही ब्रेक ऑइल कमी झाले की बाटली ओतायची आणि गाडी हाकायची, ही आमच्या पिकअपवाल्या बांधवांची जुनी सवय. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, हे खरे. पण दर आठवड्याला बाटली लागत असेल तर गळती आहेच. चाके कोरडी असतील तर सिलिंडर बूस्टरपासून सोडवून मागची बाजू पाहावी. तेथे ओल असेल तर मागचा सील गेला. बाहेर थेंब नाही, पण दाबून धरलेले पॅडल हळूहळू खाली बसते, तर आतले सील गेले.

बहुतेक मिस्त्री किट टाकून मोकळे होतात. सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर आमची हरकत नाही. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, आत गंज धरतो, चरे पडतात आणि नवे रबर लवकरच कापले जाते. गिऱ्हाईक घासाघीस करते म्हणून मिस्त्री गप्प बसतो. आमच्या मते त्याने उघडलेला सिलिंडर मालकाला दाखवावा आणि चरा असल्यास किट टाकण्यास साफ नकार द्यावा. गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्यावे.

कोणी टाकीत इंजिन ऑइल ओतले असेल तर मात्र सगळे रबर फुगते. मग नव्या सिलिंडरवर भागत नाही, चाकांचे सील आणि रबरी नळ्याही बदलाव्या लागतात.