कंपनीची गाडी, कर मात्र आपला

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली, आणि पेडणे महालातल्या नोकरीच्या गोष्टींना नवे वळण लागले. पार्से, तुये, कोरगाव या टापूतील शिकलेल्या तरुणाला चांगल्या पगारासाठी एकेकाळी वेर्णे वा वास्को गाठावे लागे, नाहीतर आखाताची वाट धरावी लागे. आता घरापासून हाकेच्या अंतरावर व्यवस्थापकाची जागा मिळण्याची शक्यता तरी निर्माण झाली आहे. अशा जागेच्या नेमणूकपत्रात पगाराच्या आकड्याखाली एक ओळ पुष्कळदा असते : कंपनीतर्फे मोटार. जेथे संध्याकाळी उशिरा बस मिळेलच याची शाश्वती नाही, तेथे ही ओळ पगाराच्या आकड्याहूनही गोड वाटावी यात नवल नाही. दारात गाडी उभी राहिली की वाड्यावर मानही वाढतो. मात्र या ओळीखाली आणखी एक न लिहिलेली ओळ असते, ती प्राप्तिकराची.

प्राप्तिकराचा कायदा गोव्यात १ एप्रिल १९६३ पासून लागू झाला. नोकराला मालकाकडून रोख रकमेऐवजी जी सोय मिळते तीही पगारच होय, हे त्याचे जुने तत्त्व. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीच्या पगारावर प्राप्तिकर नसल्यामुळे तेथून परतलेल्या आमच्या माणसांना कंपनीची गाडी म्हणजे निव्वळ लाभ, असे वाटण्याची सवय जडलेली असते. उलट विलायतेत गेलेल्या गोंयकाराला ठाऊक असते, की तेथे गाडीची छापील किंमत आणि तिच्या धुरातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण यांवरून २००२ पासून हा कर मोजला जातो. भारताने या दोहोंमधला मार्ग धरला : गाडीच्या किमतीकडे फारसे न बघता तिचा उपयोग कशासाठी होतो ते पाहायचे.

गाडी निव्वळ कंपनीच्या कामासाठी असेल आणि तशी कागदोपत्री नोंद असेल, तर कर नाही. काम आणि घर या दोहोंसाठी असेल, तर दरमहा एक ठरीव रक्कम पगारात मिळवायची. केवळ खासगी असेल, तर इंधन, दुरुस्ती, चालकाचा पगार हा सगळा प्रत्यक्ष खर्च आणि त्यावर गाडीच्या किमतीच्या दहा टक्के झीज, असे सगळे मिळवायचे. मधल्या प्रकारातील ठरीव रकमा २००९ साली निश्चित झाल्या : खर्च कंपनी करीत असेल तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये, त्याहून मोठ्याला २,४००, आणि चालक दिला असेल तर आणखी ९००. (त्यापूर्वी २००५ ते २००९ या काळात अशा सोयींवरचा कर मालकानेच भरावा असा प्रयोग झाला होता. तो गुंडाळला गेला आणि ओझे पुन्हा नोकराच्या खांद्यावर आले.) १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. त्याच्या नियमांच्या फेब्रुवारी २०२६ मधील मसुद्यात या रकमा अनुक्रमे ५,०००, ७,००० आणि ३,००० अशा होत्या. तेव्हा शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर कोणी विसंबू नये.

हे आकडे किरकोळ वाटतात, आणि एरवी ते किरकोळ असतातही. वीस टक्क्यांच्या पायरीवरील माणसाला वर्षाच्या २१,६०० रुपयांवर उपकरासह सुमारे ४,४९३ रुपये कर पडे. एवढ्यात वर्षभर गाडी वापरायला मिळाली तर तक्रार कोण करील? खरी मेख आहे ती बारा लाखांच्या उंबरठ्यावर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करपद्धतीखाली ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगाराला कर शून्य होता. समजा, आमच्या पार्सेच्या तरुणाचा रोख पगार नेमका तेवढाच आहे. कंपनीने लहान गाडी दिली, त्याच्या उत्पन्नात २१,६०० रुपये कागदावर वाढले, आणि तो उंबरठा ओलांडून गेला. बारा लाखांवर जेवढे उत्पन्न, त्याहून मूळ कर अधिक नको, एवढी दया कायदा दाखवतो. पण त्याचा अर्थ असा, की ते सगळेच्या सगळे २१,६०० कराचे झाले, आणि वर चार टक्के उपकर. एकूण २२,४६४ रुपये. म्हणजे गाडीची जी किंमत सरकारने ठरवली, तिच्याहूनही अधिक कर त्याने रोख भरायचा, तोही कधी हातात न आलेल्या पैशावर! मसुद्यातला ५,००० चा आकडा धरून हाच हिशेब केला तर ही रक्कम ६२,४०० वर जाते. पेडण्यासारख्या भागात नव्याने वर चढणारा मध्यमवर्ग नेमका याच पायरीवर उभा आहे, म्हणून हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

दुसरी मेख लॉगबुकाची. दहा लाखांची गाडी, वर्षाला १ लाख २० हजारांचे इंधन व देखभाल असे धरू. ती केवळ खासगी ठरली तर पगारात २ लाख २० हजार मिळवले जातात आणि वीस टक्क्यांच्या पायरीवर कर होतो ४५,७६०. तीच गाडी, तोच माणूस, आणि कर दसपट. घरी दुसरी कंपनीची गाडी असेल तर तिचीही गणना खासगीतच होते. म्हणून तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंद रोजच्या रोज ठेवावी, वर्षअखेरीस एका बैठकीत लिहून काढू नये. घर ते कार्यालय हा प्रवास मात्र १९६१ च्या कायद्याने लाभ मानला नव्हता, आणि ते तत्त्व नव्या कायद्यानेही सोडलेले नाही. मापशाचा शुक्रवारचा बाजार आणि चतुर्थीच्या माटोळीची खरेदी या सदरात बसत नाही, हे सांगायला नकोच.

गोव्यातील विवाहित वाचकांची आणखी एका ठिकाणी गल्लत होते. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे येथे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि १९९४ साली जुन्या कायद्यात घातलेल्या ५-अ कलमाने घरभाडे, व्याज, धंद्याचा नफा हे उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे वाटून कर भरता येतो. नव्या कायद्यानेही ही सोय राखली आहे. पण पगार तिला अपवाद आहे : ज्याने मिळवला त्याच्याच नावावर तो लागतो. गाडीचा लाभ पगारातच मोडत असल्यामुळे बाईसाहेब रोज त्याच गाडीने शाळेत शिकवायला जात असल्या, तरी त्यातला अर्धा भाग त्यांच्या नावावर टाकता येत नाही.

नोकरी सोडताना गाडी स्वस्तात पदरात पाडून घेण्याचा मोहही जपूनच धरावा. जुन्या नियमांत अशा गाडीची किंमत दरवर्षी उरलेल्या रकमेच्या वीस टक्क्यांनी घटवत. दहा लाखांची गाडी तीन पुरी वर्षे वापरल्यावर ५ लाख १२ हजारांची धरली जाई. कंपनीने ती लाखाला दिली, तर ४ लाख १२ हजार त्या वर्षाच्या पगारात जमा.

याचा अर्थ गाडी नाकारावी असा नव्हे. स्वतःची गाडी घ्यायची तर हप्ते, विमा, टायर आणि इंधन हे सारे कर भरून उरलेल्या पैशातून करावे लागते, आणि त्या मानाने कंपनीची गाडी बहुतेकांना स्वस्तच पडते. पण मूळ वेतन कमी करून तिच्या जागी गाडी घातली असेल तर ग्रॅच्युइटी आखडते, आणि घरासाठी कर्ज मागताना बँक गाडीकडे नव्हे, पगाराच्या आकड्याकडे पाहते. उंबरठ्यावर उभ्या असलेल्याने तर गाडीऐवजी कामावरच्या प्रवासाचा प्रत्यक्ष खर्च बिले दाखवून परत मागण्याचा पर्याय आधी विचारावा.

आमची मागणी नेमणूकपत्र देणाऱ्यांकडे आहे. कर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, अर्थात हा हिशेब त्याच्या लेखापालाला करावा लागतोच. मग तो पहिल्या कापणीच्या महिन्यात कळवण्याऐवजी सहीपूर्वीच कळवावा : गाडी कोणत्या प्रकारात धरली जाईल, पगारात दरमहा किती मिळवले जाईल आणि वर्षाला कर किती कापला जाईल. तीन आकडे, मराठीत, पगाराच्या आकड्याशेजारीच. आणि दिल्लीने बारा लाखांच्या उंबरठ्यावर रोख पगार व कागदी लाभ यांना एकाच मापाने मोजण्याचा फेरविचार येत्या अर्थसंकल्पात करावा.