सगळ्यांना लागलं तर ऊन, एकटीला लागलं तर नखरे

विदर्भातल्या शाळा सुट्टीनंतर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, कारण जूनच्या मध्यावरही इथलं ऊन ओसरलेलं नसतं. त्याआधी, उन्हाळा तापू लागला की त्याच शाळा सकाळच्या होतात. बार कौन्सिलचा नियम सांगतो की सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयं सोडली, तर उन्हाळ्यात वकिलांना काळा कोट सक्तीचा नाही. नागपुरात भर दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, म्हणजे गाडीवरच्या माणसाला उन्हात ताटकळावं लागत नाही.

हे सगळं योग्यच आहे. पण यातल्या एकाही सवलतीसाठी कुणी कुणाकडे सर्टिफिकेट मागितलेलं नाही. 'बाकीचे घालतात की कोट, तुम्हालाच काय होतं?' असं वकिलाला कुणी विचारत नाही. शरीराला त्रास होतो म्हणून नियम बदलणं आपल्याला चांगलं जमतं. अट एकच, ते शरीर बहुसंख्यांचं असलं पाहिजे.

मी ऑटिस्टिक आहे, नागपूरची आहे आणि नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात मी ऑफिसात तीन गोष्टी मागितल्या होत्या. आत बसताना कॅप किंवा फिकट काचेचा गॉगल चालावा. खिडकीपासून लांबची जागा मिळावी. एप्रिल-मेमध्ये लवकर येऊन लवकर जाता यावं. यात कुणाचा एक रुपया खर्च होणार नव्हता. उत्तर आलं, "मॅडम, गरम तर सगळ्यांनाच होतं."

होतं ना. मीही गरम होण्याबद्दल बोलतच नव्हते.

समोरच्या पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवरून ऊन परावर्तित होऊन आत येतं, ते मला डोळ्यात काहीतरी खुपसल्यासारखं लागतं. घामाने पाठीला चिकटलेला कुर्ता दर सेकंदाला जाणवतो, त्याची जाणीव मागे पडतच नाही. सनस्क्रीन लावावं तर चेहऱ्यावर कुणाचा तरी ओला हात ठेवलाय असं वाटत राहतं. स्टोल बांधावा तर त्याचा काठ कानामागे घासतो. घरी कूलर लावला की त्याच्या घरघरीत मला माणसांचं बोलणं वेगळं काढता येत नाही, आणि बंद केला की उकाडा. उन्हाळ्यात मी रोज आवाज आणि उष्णता यांतलं एक निवडते.

ही तक्रार मी रचलेली नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांमध्ये संवेदनांचा हा फरक नोंदवलेला आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. काहींना संवेदना जास्त जाणवतात, काहींना कमी. एकाच माणसात दोन्ही असू शकतं. माझ्यात आहे. प्रकाश मला जास्त जाणवतो आणि तहान जवळजवळ जाणवतच नाही.

इथे प्रश्न सोयीचा राहत नाही, जिवाचा होतो. उष्णतेच्या लाटेच्या सूचना वाचा. 'तहान नसली तरी पाणी प्या' हे त्यात असतं आणि ते उत्तम आहे. पण पुढे येतं, 'अस्वस्थ वाटलं, चक्कर आली तर डॉक्टरांकडे जा.' वाटलं तर! शरीराच्या आतून येणारे इशारे ज्यांना उशिरा कळतात किंवा कळूनही सांगता येत नाहीत, त्यांनी काय करायचं? न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलाने 'मला मळमळतंय' कसं सांगायचं? तो किंचाळेल, कपडे काढून फेकेल आणि घरचे म्हणतील, आज फारच त्रास देतोय. त्यात रिस्पेरिडोनसारखी औषधं अनेक ऑटिस्टिक मुलांना दिली जातात, आणि या गटातल्या औषधांमुळे शरीराचं तापमान सांभाळण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांनी ही गोष्ट मार्चमध्येच पालकांच्या कानावर घालायला हवी. औषध मनाने बंद करायचं नाही, पण सावध राहायचं. आणि सूचना घड्याळावर लिहायला हव्यात. दर अर्ध्या तासाला पाणी. बारा ते तीन घरात. वागणं अचानक बदललं तर आधी सावलीत न्या, अंग गार करा, रागावणं नंतर.

आता 'सवय'. 'विदर्भात जन्मलीस, अजून सवय नाही झाली?' हे मी मावशीपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. उष्णतेची सवय शरीराला काही प्रमाणात होते, हे खरं. डोळ्यात घुसणाऱ्या उजेडाची मला झालेली नाही. मला सवय झाली आहे ती चेहरा सरळ ठेवायची. संध्याकाळी सहापर्यंत मी नीट बसते, हसते, मेल पाठवते. घरी आल्यावर तासभर तोंडातून शब्द निघत नाही. तुम्हाला जी सवय दिसते, तिचं बिल आमच्या घरी येतं.

'एकीला दिलं तर उद्या सगळे मागतील' हे पुढचं वाक्य. मागू द्या की! उन्हाळ्यात खिडकीला पडदा आणि लवकरची वेळ सगळ्यांनी मागितली तर कुणाचं नुकसान आहे? आणि 'तिकडे मजूर पंचेचाळीस डिग्रीत स्लॅब टाकतायत' असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की त्या मजुरांतही ऑटिस्टिक माणसं आहेत. त्यांच्या हातात निदानाचा कागद नाही, म्हणून त्यांना बावळट, हट्टी, कामचुकार म्हणतात. दुपारची सुट्टी त्यांना मिळायला हवी ती माझ्याआधी. त्यांचं नाव पुढे करून माझी कॅप नाकारल्याने त्यांच्या डोक्यावर सावली येत नाही.

कायदा आपल्याकडे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि ऑटिझम त्यांपैकी एक आहे. वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं तो म्हणतो. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. पण कॅप म्हणजे आरक्षण नव्हे. तरी मोठेपणी निदान मिळवायला डॉक्टर शोधा, फेऱ्या मारा, बोर्डासमोर बसा आणि मग टोपी घाला, असाच आपला क्रम आहे. तोवर पावसाळा लागतो.

म्हणून मागणी साधी आहे. कॉलेजात, ऑफिसात, परीक्षेच्या हॉलमध्ये कुणी म्हणालं की उजेडाचा त्रास होतो, तर तेवढं पुरेसं माना. कॉपीची भीती असेल तर टोपी तपासून परत द्या. जागा बदलून द्या. वकिलाच्या कोटावर जेवढा विश्वास ठेवता, तेवढाच आमच्या डोळ्यांवर ठेवा.